संकल्पातले १९७ कोटी आणि खोडदचे १३८० कोटी

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आज घरातला तंटा चव्हाट्यावर आणतेय.

परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं, नाशिकला रामकुंडावर. गुरुजी तरुण होते, हसतमुख. त्यांनी संकल्प सुरू केला, "श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे..." माझी लेक आठवीत आहे. तिने दर्भाची जुडी हातात धरूनच विचारलं, म्हणजे काय हो? गुरुजींनी बोटांवर मोजून सांगितलं, की हा कल्प सुरू होऊन १९७ कोटी वर्षं झाली.

आता गंमत अशी की २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिची शाळेची सहल खोडदला गेली होती. नारायणगावजवळ रेडिओ दुर्बिणीच्या त्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत ना, तिथे. तिथल्या स्वयंसेवकाने सांगितलं होतं की विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. शिवाय ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा एक संकेत याच दुर्बिणीने पकडला, आणि ती बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. कार्टी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, तो सिग्नल निघाला तेव्हा तुमची सृष्टी जन्मायचीच होती."

गुरुजी हसले. अण्णा (माझे सासरे, प्रेसमधून निवृत्त, रोज दोन तास पूजा) हसले नाहीत. "ते त्यांचं, हे आपलं," एवढंच बोलले. त्यावर हिचं उत्तर, "विश्वं दोन आहेत का?"

तेव्हापासून रोज सकाळी अण्णांचे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आणि संध्याकाळी हिचे प्रिंटआउट. मधल्या मध्ये चहा मी करते. कुणीतरी मला एवढं सांगा, हे दोन आकडे येतात कुठून आणि ते शेजारी ठेवून तुलना करणं तरी बरोबर आहे का? उपदेश नकोत, माहिती द्या.

तिळभांडेश्वर लेन

पहिला! चिवडा घेऊन बसलोय. हा धागा शतक मारणार.

सत्यमेव ७

यात तंटा कसला ताई? ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. आजचं विज्ञान पृथ्वीचं वय सांगतं ४५४ कोटी. तिकडचे लोक जग सहा हजार वर्षांचं आहे असं मानत होते, तेव्हा इथे कोटींत हिशेब चालू होता. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त वाचा, त्यात अख्खा बिग बँग आहे. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या आवारात नटराज उगीच उभा नाही केलेला. लेकीला म्हणावं, आधी आपलं वाच, मग खोडदला जा.

निरीश्वर नाना

आलं! "आमच्याकडे आधीच होतं" हे आलंच. सर्नमधला नटराज २००४ साली भारत सरकारने भेट दिला. दिवाळीला तुम्ही साहेबांना मिठाईचा पुडा दिला म्हणून साहेब हलवाई होत नाहीत. विश्व शून्यातून आपोआप निर्माण झालं हे विज्ञानाने सिद्ध केलंय. विषय संपला. अण्णांना सांगा, नातीकडे शिकवणी लावा.

पंचवटीचा भट

विषय संपलेला नाही, अजून सुरूही झालेला नाही. तिसऱ्या पिढीतला उपाध्याय आहे, बी.एस्सी. अर्धवट सोडून या व्यवसायात आलो, तेव्हा दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे.

आधी हिशेब मांडतो. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं. एका मन्वंतरात अशी ७१. सहा मन्वंतरं सरली, त्यांच्या मागचे-पुढचे सात संधिकाळ सरले, सातव्यातली २७ महायुगं सरली, अठ्ठाविसाव्यातली कृत, त्रेता, द्वापर सरली आणि कलीची पाच हजारांवर वर्षं. बेरीज १९७ कोटी २९ लाख ४९ हजारांच्या घरात. काही पंचांगांच्या पहिल्या पानावर मात्र १९५ कोटी ५८ लाखांचा आकडा दिसेल. तिथे सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाप्रमाणे सृष्टी घडवायला लागलेली १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षं वजा केलेली असतात. यजमान विचारत नाहीत म्हणून आम्हीही सांगत नाही.

आता खरी मेख. तुमच्या लेकीने तुलनाच चुकीच्या आकड्याशी केली, आणि त्यात चूक त्या गुरुजींची आहे. संकल्पात श्वेतवाराहकल्पाच्या आधी काय म्हणतात? "ब्रह्मणो द्वितीये परार्धे". म्हणजे ब्रह्मदेवाची पन्नास वर्षं होऊन गेली. १९७ कोटी हा त्याच्या एक्कावन्नाव्या वर्षातल्या आजच्या दिवसाचा उलटलेला भाग. मागची पन्नास वर्षं माणसांच्या वर्षांत काढली तर १५५ लाख कोटींच्या वर जातात. तेव्हा अण्णांचा आकडा खोडदपेक्षा लहान नाहीच, दहा हजार पटींहून मोठा आहे. चूक असेल तर त्या बाजूने असेल.

आणि सत्यमेवराव, हेच तुम्हालाही लागू. ४३२ कोटी ही पूर्ण दिवसाची लांबी आहे, उलटलेला काळ नव्हे. तो पृथ्वीच्या वयाजवळ आला हा योगायोग. सोयीचा तेवढा आकडा उचलायचा आणि १९७ गिळून टाकायचा, याला शास्त्राधार नाही म्हणत.

तिळभांडेश्वर लेन

भटजींना दंडवत. वाचनखूण साठवली.

खगोलवेडा

भटजींना +१. पण एक गोष्ट पुढे न्यायची आहे, कारण ती नाशिककरांच्या अगदी दाराशी आहे.

हे ४३ लाख २० हजार आले कुठून? आपल्या ज्योतिर्विदांना असा एक मोठा काळ हवा होता, की त्यात प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्ण अंकात बसाव्यात आणि अपूर्णांकांची कटकट नको. सूर्यसिद्धान्त म्हणतो, एका महायुगात गुरूच्या ३,६४,२२० फेऱ्या होतात. भागाकार करून बघा. एका फेरीला ११.८६ वर्षं. आजच्या मोजणीतही ११.८६ च! नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या आकाश बघून काढलेला हा आकडा. मला विचाराल तर अभिमान इथे धरावा.

आणि हाच गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७ चा. फेरी बाराला थोडी कमी असल्यामुळे सात फेऱ्यांमागे एक वर्ष कापलं जातं, म्हणून सिंहस्थ कधी कधी अकरा वर्षांनीही येतो. घाटावर लाखो लोक उतरतात ते एका मोजमापाच्या भरवशावर. तेव्हा "महायुग म्हणजे थापा" हे जितकं चूक, तितकंच "महायुग म्हणजे विश्वाचं वय" हेही चूक. ती हिशेबाची वही होती, जन्माचा दाखला नव्हता.

निरीश्वर नाना

बरं, वही तर वही. पण त्या वहीवर गेली हजार वर्षं दक्षिणा कोण घेतंय?

संपादक

व्यवसायावर घसरू नये. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

भौतिकवाल्या बाई

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबेल.

गोदाकाठची, १३८० कोटी कुठून आले हे लेकीला असं सांगा. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आपण काय विचारतो? पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठे लागलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? पूर ओसरला तरी सराफ बाजारातल्या भिंतींवर गाळाची रेघ राहते. २००८ चा पूर ज्याने पाहिला नाही, त्यालाही त्या रेघेवरून पाणी कुठवर होतं ते सांगता येतं. विश्वाला अशी एक रेघ आहे. सुरुवातीला सगळं इतकं तापलेलं आणि दाट होतं की प्रकाशाला वाटच नव्हती. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते निवलं, अणू जमले आणि प्रकाश सुटला. तो प्रकाश आजही सगळीकडून येतोय, फक्त ताणला जाऊन सूक्ष्मलहरी झालाय. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते, तेव्हा याच सूक्ष्मलहरींचा आवाज त्यांच्या मागे लागला. आत कबुतरांनी घरटी केली होती. त्यांनी कबुतरं हाकलली, विष्ठा घासून काढली, तरी आवाज जाईना. १९७८ ला त्याच आवाजाचं नोबेल मिळालं. ती रेघ, तिच्यातले बारीक चढउतार आणि आकाशगंगा एकमेकींपासून दूर जाण्याचा वेग, या सगळ्याचा मेळ घातला की १३८० कोटी येतात, दोनेक कोटी इकडेतिकडे.

आता नानांसाठी. "शून्यातून आपोआप झालं हे सिद्ध झालंय" असं कुठल्याही गंभीर पुस्तकात नाही. महास्फोट (बिग बँग) हा शब्दच गोंधळ घालतो. कुठल्याशा काळ्या पोकळीत फटाका फुटला असं चित्र डोळ्यांपुढे येतं. सिद्धांत एवढंच सांगतो की विश्व एकेकाळी अतिशय तप्त आणि दाट होतं आणि तेव्हापासून पसरतंय. पहिल्या काही मिनिटांत किती हेलियम शिजला ते आम्ही सांगू शकतो. वस्तुमानाने चौथा हिस्सा निघतो, आणि आकाशात तेवढाच सापडतो. पण त्याच्या मागे, अगदी आरंभाच्या क्षणाशी, आमची समीकरणं हात टेकतात. "का" हा प्रश्न तर त्यांनी हातातच घेतलेला नाही. शिवाय पसरण्याचा वेग (दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला किती किलोमीटर) एका पद्धतीने ६७ येतो, दुसरीने ७३, आणि हा तिढा अजून सुटलेला नाही. आम्ही तो लपवत नाही, त्यावर निबंध लिहितो आणि भांडतो.

जाता जाता, जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या यायच्या ना? त्यात शंभरातली एखादी मुंगी त्या पहिल्या प्रकाशाची असते.

सत्यमेव ७

म्हणजे बाईच कबूल करतात की "का" याचं उत्तर विज्ञानाकडे नाही. मग ते वेदांकडे आहे असं म्हटलं तर बिघडलं कुठे? नासदीय सूक्ताबद्दल कुणी बोलेना.

पंचवटीचा भट

मी बोलतो, रोज म्हणतो मी ते. ऋग्वेद, दहावं मंडल, १२९ वं सूक्त, ऋचा फक्त सात. सुरुवात "नासदासीन्नो सदासीत्तदानीम्". तेव्हा असत् नव्हतं आणि सत्‌ही नव्हतं. मृत्यू नव्हता, अमरत्व नव्हतं, रात्र-दिवसाची खूण नव्हती. इथवर ऐकून लोक टाळ्या वाजवतात आणि उठून जातात. सहाव्या ऋचेत काय आहे? "अर्वाग्देवा". देव या निर्मितीच्या नंतरचे आहेत, मग ती कुठून झाली हे सांगणार कोण? आणि सातवी ऋचा संपते कशी? जो परम व्योमात याचा अध्यक्ष आहे, त्याला हे ठाऊक असेल, "यदि वा न वेद", किंवा नसेलही.

साहेब, ज्या ऋषीने "कदाचित त्यालाही ठाऊक नसेल" असं म्हणण्याची छाती दाखवली, त्याच्या तोंडी तुम्ही तयार उत्तर कोंबताय. त्यात बिग बँग आहे म्हणणं हा मला तरी त्या ऋषीचा अपमान वाटतो. माझे वडील हे सूक्त शिकवताना शेवटच्या "न वेद"ला आवाज खाली आणायला लावायचे. का, ते सांगितलं नाही. चाळिशीत उमगलं.

शरणपूरकर

"तिकडचे लोक सहा हजार वर्षं मानत होते" हे आमच्यावर होतं, म्हणून लिहितो. हो, आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून इसवीसनपूर्व ४००४ हे साल काढलं होतं. माझ्या आजोबांच्या बायबलच्या समासात ते छापलेलं आहे, मी पाहिलंय.

पण महास्फोटाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता हेही लिहा की कुणीतरी. १९२७ मध्ये त्याने विश्व पसरतंय हे मांडलं, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या १९२९ च्या निबंधाआधी. १९३१ मध्ये "आदिअणू"ची कल्पना. १९५१ मध्ये पोपनी जाहीर भाषणात सुचवलं, की बघा, विज्ञानाने उत्पत्तीच्या गोष्टीवर शिक्का मारला. सगळ्यात अस्वस्थ झाला तो लमेत्र! माझा सिद्धांत धर्माच्या बाजूने वापरू नका आणि विरुद्धही वापरू नका, ही त्याची भूमिका. सकाळी मिस्सा म्हणायचा आणि दुपारी समीकरणं सोडवायचा, दोन्ही एकाच कागदावर नाही. आमच्या चर्चमध्येही हे किती जणांना माहीत आहे, विचारू नका.

तिळभांडेश्वर लेन

आता चिवडा बाजूला ठेवतो. शरणपूरकरांनी पाद्री आणलाच आहे तर दुसरी बाजू ऐका. "बिग बँग" हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं. ते देवधर्म न मानणारे आणि या सिद्धांताचे कट्टर विरोधक. विश्वाला सुरुवात आहे म्हटलं की मागच्या दाराने निर्माता येतो, हेही त्यांना खुपायचं. म्हणजे पाद्री महास्फोटाच्या बाजूने आणि नास्तिक विरोधात! आपल्या धाग्यावर उलट टीम पाडल्यात.

आणि हॉईल यांचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी कोण? कोल्हापूरचे जयंत नारळीकर. अनादि विश्वाची बाजू त्यांनी शेवटपर्यंत लावून धरली. स्थिर-स्थिती (विश्व कायम सारखंच असतं हा सिद्धांत) मागे पडल्यावर १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर सुधारित मांडणी केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, तरी यांनी सोडली नाही. आणि हाच माणूस फलज्योतिषाची चाचणी घ्यायला दाभोलकरांबरोबर २०० पत्रिका घेऊन बसला होता. महास्फोट न मानणारा माणूस बुवाबाजीचा समर्थक असलाच पाहिजे असं काही नाही नाना, कळलं का?

२०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मी आडगावला तिन्ही दिवस जाऊन बसलो होतो, नुसतं लांबून बघायचं म्हणून. २०२५ च्या मे महिन्यात गेले. राहिलंच.

त्रिरश्मी

जय भीम. विश्व शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, हे मालुंक्यपुत्त या भिक्षूने बुद्धांना विचारलं होतं आणि बुद्धांनी उत्तर दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस म्हणाला, बाण मारणाऱ्याची जात, उंची, गाव कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो मरेल, एवढंच सांगितलं.

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना माझे वडील ही गोष्ट सांगायचे आणि वर पोचल्यावर समोर गावाकडे बोट दाखवायचे. काळाराम मंदिरात कोण जाऊ शकतो, या प्रश्नासाठी २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला. विश्व कुणी केलं याची चर्चा त्या दाराच्या आत तेव्हाही आरामात चालू असणार.

निरीश्वर नाना

त्रिरश्मी, याच्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. बाईंचंही मान्य, "सिद्ध झालंय" हा शब्द मागे घेतो. बाकी प्रतिसाद कायम.

निफाडचा गडी

द्राक्षाची छाटणी करून आत्ता टेकलो. तुमचे १३८० कोटी राहू द्या, मी माझं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात विहीर खोल केली. चाळीस फुटांवर काळा फत्तर, सुरुंगाशिवाय हलेना. फुटला तर आत पोकळी आणि पोकळीभर पांढऱ्या गारगोट्या, जशा देव्हाऱ्यात मांडून ठेवाव्यात. आजी म्हणायची, सीतामाईच्या हातून भात सांडला तो हा. पोरगा सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघून आलेला. तो म्हणाला, हा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, बुडबुड्यांच्या पोकळीत पाणी झिरपून हे खडे वाढले. म्हणजे ब्रह्मगिरी, अंजनेरी, सगळी एकच भट्टी.

मी एक गारगोटी घरी आणून देवात ठेवलीय. पोराने खाली चिठ्ठी चिकटवलीय, "स्टिल्बाइट". दोघांचं चाललंय.

भौतिकवाल्या बाई

निफाडकर, क्या बात है. यावर एक भर. रामकुंडात डुबकी मारतो त्या पाण्यातला हायड्रोजन महास्फोटाच्या पहिल्या काही मिनिटांतला, १३८० कोटी वर्षं जुना. ऑक्सिजन मागाहून ताऱ्यांच्या पोटात शिजला. काळा फत्तर त्याच्यापुढे कालचं पोर.

सत्यमेव ७

गारगोटी आवडली. नासदीयचं मी परत वाचतो, मूळ संहिता काढून. पण भटजी, मग रोज संकल्पात एवढे कोटी उच्चारायचे कशाला, जर ते वय नाही तर?

पंचवटीचा भट

पत्ता म्हणून. पाकिटावर लिहितो तसा, फक्त मोठ्याकडून लहानाकडे. परार्ध, कल्प, मन्वंतर, युग, मग जंबुद्वीप, दंडकारण्य, मग गोदावरीचा काठ, संवत्सर, तिथी, आणि सगळ्यात शेवटी गोत्र आणि तुमचं नाव. एवढ्या अफाट पसाऱ्यात अमुक जागी बसलेला अमुक एक, तो हे दोन पळ्या पाणी सोडतोय. काठ मात्र बरोबर म्हणावा लागतो. पंचवटीत बसलात तर "उत्तरे तीरे", तेच इंदिरानगरात घरी केलंत तर "दक्षिणे तीरे". यजमानाचा काठ चुकला की वडील मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. कल्पाचं गणित त्यांनी कधी तपासलं नाही.

गोदाकाठची

धागा इतका धावेल असं वाटलं नव्हतं. सगळा प्रिंट काढून अण्णांच्या पाटाशेजारी ठेवला, फॉन्ट मोठा करून.

वृत्तांत असा. द्वितीय परार्धाचा मुद्दा वाचून अण्णा खुलले. "बघ, आमचाच मोठा," म्हणाले. लेकीने लगेच कॅल्क्युलेटर काढून १५५ लाख कोटी पडताळले. बरोबर आले, त्यामुळे ती जराशी खट्टू. नासदीयच्या शेवटच्या ओळीपाशी मात्र अण्णा बराच वेळ थांबले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉरवर्ड आला नाही.

मग काल रात्री माळ्यावरून जुना टीव्ही काढायला लावला. मागे कुबड असलेला, अँटेनाचा. मी म्हटलं अण्णा, धूळ केवढी, आता काय दिसणार यावर? म्हणाले, बाई म्हणाल्यात ते दिसेल. सुरू झाला, देवाची कृपा. खोलीतले दिवे घालवून आजोबा आणि नात समोर बसले. पडदाभर मुंग्या, खरखर खरखर. दहा मिनिटं झाली असतील. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला आणि अगदी हळू आवाजात तिला विचारलं,

"यातली कुठली गं?"

बाई, उत्तर द्या. ती अजून शोधतेय.